अवघड प्रश्न आला, म्हणजे बरं चाललंय

संध्याकाळी इंद्रपुरीच्या गल्ल्यांमधून पाठीवर बॅगा लावलेली मुलंच मुलं दिसतात. आमच्या शेजारची मुलगी त्यांतलीच. एमबीएच्या प्रवेशासाठी लागणाऱ्या जीमॅट परीक्षेची तयारी करते. परवा गणिताची सराव परीक्षा देऊन आली ती तोंड पाडूनच. ‘काका, प्रत्येक प्रश्न आधीच्यापेक्षा अवघड. गेली परीक्षा!’ एकवीसपैकी सात उत्तरं चुकली होती. गुण मात्र चांगलेच होते.

ही ‘अॅडॅप्टिव्ह’ परीक्षा. सुरुवात साधारण मध्यम प्रश्नाने होते. उत्तर बरोबर आलं की संगणक तुमच्याबद्दलचा अंदाज वर नेतो आणि पुढचा प्रश्न वरचा काढतो. चुकलं की खालचा. कुठला प्रश्न किती अवघड, हे आधीच्या विद्यार्थ्यांच्या उत्तरांवरून ठरलेलं असतं. विद्यार्थ्याची कुवत आणि प्रश्नाचा अवघडपणा एकाच पट्टीवर मोजायची ही कल्पना डॅनिश गणिती गेऑर्ग राश यांनी 1960 साली पुस्तकरूपाने मांडली.

मग प्रश्न नेमका किती अवघड हवा? मी तिला वहीत मांडून दाखवलं. उत्तर येण्याची आणि चुकण्याची शक्यता यांचा गुणाकार करायचा. जवळजवळ हमखास येणाऱ्या प्रश्नाला 0.9 गुणिले 0.1, म्हणजे 0.09. येईल की नाही असं निम्मं-निम्मं असेल तर 0.5 गुणिले 0.5, म्हणजे 0.25. राश यांच्या पद्धतीत हा गुणाकार म्हणजे त्या प्रश्नातून तुमच्याबद्दल मिळणारी माहिती. असे जवळजवळ तीन सोपे प्रश्न सोडवून जे कळतं, ते निम्म्या शक्यतेचा एक प्रश्न सांगतो. म्हणून यंत्र तुम्हाला सारखं अडेल तिथेच नेतं. मला हा गुणाकार फार सुंदर वाटतो.

जीआरई या दुसऱ्या प्रवेश परीक्षेत मात्र प्रश्नागणिक बदल होत नाही. गणिताचा पहिला भाग 12 प्रश्नांचा, त्यावरून 15 प्रश्नांचा दुसरा भाग सोपा द्यायचा की अवघड ते ठरतं. आपल्या आयआयएमची कॅट तर संगणकावर होत असली तरी अॅडॅप्टिव्ह नाही. संगणकावरच्या अॅडॅप्टिव्ह परीक्षेलाही इंग्रजीत ‘कॅट’च म्हणतात, त्या सारखेपणामुळे पुष्कळांचा घोटाळा होतो.

‘पहिल्या पाच प्रश्नांवरच सगळं ठरतं ना?’ तिने विचारलं. सुरुवातीला अंदाज मोठ्या उड्या मारतो हे खरं, पण पुढची उत्तरं तो सावरत नेतात, आणि प्रश्न सोडून दिले तर गुण कापले जातात. तिने पहिल्या पाचांनाच सतरा मिनिटं दिली होती. शेवटच्या तीन प्रश्नांना डोळे मिटून खुणा केल्या. 45 मिनिटं, 21 प्रश्न. एकाला सव्वादोन मिनिटंसुद्धा येत नाहीत.