पडदा लुकलुकतोय? आधी दुरुस्ती, मग अभ्यास

मुलांच्या अभ्यासासाठी अनेक घरांत वापरलेला जुना संगणक घेतला जातो. सुरू करताच पडदा लुकलुकतो, तापला की स्थिरावतो. ‘जुना आहे, चालायचंच’ म्हणून त्याकडे दुर्लक्ष होते. मॉनिटरमधील झिजलेली प्रकाशनळी, कमकुवत कपॅसिटर किंवा सैल केबल ही त्याची नेहमीची कारणे.

अशा पडद्याने बहुतेकांचे डोळे शिणतात, डोके दुखते. अर्धशिशी असणाऱ्यांना त्रास जास्त. अपस्मार म्हणजे फिटचा आजार असलेल्या शंभरातील सुमारे तिघांना मात्र लुकलुकत्या प्रकाशाने झटका येऊ शकतो. त्यात मुले आणि किशोरवयीन अधिक. सेकंदाला ३ ते ३० वेळा होणारी उघडझाप विशेष धोक्याची.

जपानमध्ये १६ डिसेंबर १९९७ रोजी ‘पोकेमॉन’ मालिकेत लाल-निळा प्रकाश सेकंदाला सुमारे १२ वेळा चमकला आणि ६८५ जणांना रुग्णालयात न्यावे लागले. त्यांतील अनेकांना पूर्वी कधीच फिट आली नव्हती.

म्हणून पडदा दुरुस्त होईपर्यंत मुलांना त्यापुढे बसवू नये. लुकलुक दिसताच तोंड फिरवावे आणि एक डोळा तळहाताने पूर्ण झाकावा. नुसते डोळे मिटून भागत नाही, कारण पापण्यांतूनही प्रकाश आत शिरतो. फिट आलीच तर रुग्णाला कुशीवर वळवावे. कांदा किंवा चप्पल हुंगवू नये, तोंडात काही घालू नये. पाच मिनिटांत फिट थांबली नाही, तर तातडीने रुग्णालय गाठावे. पहिलीच फिट असेल, तर ती थांबली तरी डॉक्टरांना दाखवावे.