उडालेला फ्यूज काय सांगतो?

दसऱ्याच्या आसपास गाड्यांच्या सामानाची दुकाने किती गजबजलेली असतात, ते पुण्याच्या नाना पेठेत जाऊन पाहावे. नवी गाडी घरी येते, पेढे वाटले जातात, झेंडूचे तोरण चढते आणि दुसऱ्याच दिवशी तिला नटवायला नेले जाते. जास्त उजेडाचे दिवे, दमदार हॉर्न, मोठे स्पीकर, रस्ता टिपणारा कॅमेरा, मोबाइलचा चार्जर... यादी लांबत जाते. कारागीर तासाभरात काम उरकतो, बटण दाबून दाखवतो, दिवे लख्ख पेटतात आणि मुले खूश होतात. सीट-कव्हरच्या रंगावर घरात अर्धा तास चर्चा झालेली असते. पण या दिव्यांना वीज कोणत्या वायरीतून आली आणि तिच्या वाटेवर फ्यूज आहे की नाही, हे मात्र कोणी विचारत नाही.

फ्यूज ही वस्तू आपल्याला नवी नाही. जुन्या चाळीत किंवा वाड्यात राहिलेल्यांना मीटरजवळचे चिनी मातीचे फ्यूज आठवत असतील. त्यातली बारीक तार वितळली की घर अंधारात बुडे आणि मग एखादे उत्साही काका 'पुन्हा कटकट नको' म्हणून तिथे चांगली जाड तार बसवून टाकत. कटकट थांबे खरी, पण त्या दिवसापासून घराचा पहारेकरीही झोपी जाई. गाडीत आजही नेमके हेच घडते. फक्त जाड तारेची जागा सिगारेटच्या पाकिटातल्या चांदीने किंवा मोठ्या आकड्याच्या फ्यूजने घेतलेली असते.

पहारा कुणावर?

फ्यूज दिव्याला किंवा रेडिओला वाचवतो, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात त्याचे पहिले काम वायरीला वाचवण्याचे. प्रत्येक वायरीची विजेचा प्रवाह वाहण्याची एक मर्यादा असते. ती ओलांडली की वायर तापते, वरचे प्लॅस्टिक वितळते आणि शेवटी पेटते. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते, हे शाळेत शिकलेले सूत्र इथे फार महाग पडते. म्हणून वाटेत मुद्दाम एक कमजोर दुवा ठेवतात. वायर तापण्याआधी तो स्वतः वितळतो.

'बारा व्होल्ट तर आहेत, शॉकसुद्धा लागत नाही' असे अनेकजण म्हणतात. शॉक लागत नाही हे खरे. पण आगीचा प्रश्न व्होल्टवर सुटत नाही. २४० वॉटचे उपकरण घरच्या २३० व्होल्टवर साधारण एक अँपिअर घेते. तेच काम १२ व्होल्टवर करायचे तर वीस अँपिअर लागतात. शिवाय बॅटरीची धन बाजू थेट पत्र्याला टेकली, तर ती क्षणात शेकडो अँपिअर सोडू शकते. गाडीचा सगळा सांगाडाच ऋण बाजूला जोडलेला असतो. त्यामुळे पत्र्याच्या धारेवर घासून सोललेली एकच वायर शॉर्ट सर्किटला पुरते.

यातूनच सर्वांत महत्त्वाचा नियम निघतो. बॅटरीवरून नवी वायर ओढली, तर फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात हवा. पुष्कळदा तो उपकरणाजवळ, डॅशबोर्डखाली बसवलेला आढळतो. मग बॅटरीपासून तिथपर्यंतची सगळी वायर बिनपहाऱ्याची राहते. आणि इंजिनाच्या उष्णतेत, पत्र्याच्या भोकातून जाणारी वायर हीच.

एक साधा हिशेब

समजा, ५५ वॉटचे दोन फॉग लाइट बसवायचे आहेत. एकूण ११० वॉट; भागिले १२ व्होल्ट, म्हणजे सुमारे नऊ अँपिअर. सतत चालणारा भार फ्यूजच्या आकड्याच्या पाऊणपटीपर्यंत ठेवावा. म्हणून इथे १५ अँपिअरचा फ्यूज, आणि तेवढा प्रवाह सोसणारी किमान दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर. आधी भार, मग वायर, मग वायरीला शोभेल असा फ्यूज. हा क्रम उलटू नये.

एवढा प्रवाह डॅशबोर्डच्या नाजूक बटणातून न्यायचा नसतो. त्यासाठी रिले असतो. बटण रिलेला फक्त इशारा देते आणि मोठा प्रवाह रिलेमार्गे थेट दिव्याकडे जातो. रिलेवरचे आकडे ठरलेले असतात. ३० वर फ्यूजमधून आलेली बॅटरी, ८७ वर दिवा, ८५ आणि ८६ इशाऱ्यासाठी.

फ्यूजचे रंगही ठरलेले आहेत. दोन पात्यांच्या फ्यूजमध्ये फिकट तपकिरी ५ अँपिअरचा, तपकिरी साडेसातचा, लाल १०, निळा १५, पिवळा २०, पारदर्शक २५ आणि हिरवा ३०. लालच्या जागी हिरवा दिसला, तर कोणीतरी मधला मार्ग काढला आहे असे समजावे.

फ्यूजलाही न कळणारे

फ्यूज सर्वज्ञ नाही. नुसती पिळून टेप गुंडाळलेली जोडणी खड्ड्यांनी सैल होते आणि त्या सांध्यावरच उष्णता साचते. प्रवाह मर्यादेतच असल्याने फ्यूज उडत नाही आणि सांधा मात्र जळत राहतो. म्हणून जोडणी योग्य थिंबल दाबून घ्यावी, पत्र्यातून जाताना रबरी बुश घालावे, वायर जागोजागी बांधावी. पिवळ्या आवरणातल्या वायरी बहुधा एअरबॅगच्या असतात. त्यांना हात लावू नये. विजेवरच्या गाडीतल्या नारिंगी केबल तर शेकडो व्होल्टच्या. वॉरंटीवर पाणी पडते ते वेगळेच. आणि अनेक सुरांत वाजणाऱ्या हॉर्नला १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत मनाई आहे.

दुचाकीवाल्यांनीही हे मनावर घ्यावे. अनेक मोटारसायकलींत सगळा भार एकदोन फ्यूजवरच असतो. स्वस्तातले एलईडी दिवे जिथे सापडेल तिथे जोडले, तर एका दिव्याच्या दोषाने अख्खी गाडी रस्त्यात बंद पडते.

आता खरी परीक्षा. रात्रीची वेळ, घाटरस्ता, मागे मुले झोपलेली आणि दिवे गेले. अशा वेळी चांदीचा कागद गुंडाळण्याचा मोह होतो. त्याऐवजी गाडी कडेला घ्यावी आणि सगळ्यांना सुरक्षित जागी उतरवावे. फ्यूजच्या डब्यात बहुधा जादा फ्यूज असतात. नसेल तर रेडिओचा काढावा, पण आकडा तोच हवा. नवाही लगेच उडाला, तर तिसरा घालू नये. कुठेतरी वायर टेकली आहे, असे तो सांगतो आहे. पाच-दहा रुपयांची ही वस्तू जळते ती आपली गाडी आणि गाडीतली माणसे वाचावीत म्हणून. पुढच्या वेळी दुकानात दिव्यांच्या किमतीवरून घासाघीस कराल, तेव्हा एवढेच विचारा: 'फ्यूज कुठे बसवणार आणि किती अँपिअरचा?' कारागीर उत्तर देताना चाचपडला, तर गाडी तशीच माघारी घेऊन यावी.