स्वस्त मद्याची पारख : आधी बाटली, मग चव

मोहोळ - ऊस पिकवणाऱ्या तालुक्यात उसाच्या मळीपासून होणारे मद्य तरी स्वस्त मिळावे, अशी अपेक्षा कोणी केल्यास ती फोल ठरते. टाकळी सिकंदर आणि अनगर या गावांची ओळख साखर कारखान्यांमुळे आहे. पण बाटलीची किंमत मळीवर नव्हे, तर प्रामुख्याने उत्पादन शुल्कावर ठरते. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने हे शुल्क वाढवले. त्यानंतर १८० मिलिलिटरच्या बाटलीची किमान किंमत देशी मद्यासाठी ८० रुपये, भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यासाठी २०५ रुपये आणि उंची विदेशी मद्यासाठी ३६० रुपये अशी जाहीर झाली. 'महाराष्ट्र मेड लिकर' हा धान्यापासून बनणाऱ्या मद्याचा नवा प्रकारही त्याच वेळी आला. त्याची किमान किंमत १४८ रुपये.

हातात पैसे कमी असणाऱ्याला या आकड्यांतूनच पहिली कसोटी मिळते. कायदेशीर मद्य ८० रुपयांच्या खाली मिळू शकत नाही. त्याहून स्वस्तात 'क्वार्टर' देणारा माणूस सूट देत नसतो. त्याने शुल्क बुडवलेले असते किंवा बाटलीत दुसरेच काही भरलेले असते. गोव्यात कर कमी असल्याने तेथील मद्य चोरट्या मार्गाने महाराष्ट्रात येते. अशा बाटलीवर ते केवळ गोव्यात विक्रीसाठी असल्याचा उल्लेख असतो. नामांकित कंपनीच्या रिकाम्या बाटल्यांत हलके मद्य भरून विकण्याचे प्रकारही घडतात. त्यामुळे परवानाधारक दुकानातूनच खरेदी करावी, झाकणाचे सील, बॅच क्रमांक व छापील किंमत पाहावी आणि संपलेली बाटली फोडूनच टाकावी, हे बरे.

कायदेशीर मद्यात निवड करायची तर रम हा त्यातल्या त्यात प्रामाणिक सौदा म्हणावा लागेल. रम जगभर उसापासूनच बनते. स्वस्त भारतीय व्हिस्कीचे तसे नाही. तिच्यातही बहुधा मळीचाच मद्यार्क असतो. त्यात थोडे माल्ट, स्वाद आणि जळक्या साखरेचा रंग मिसळला जातो. युरोपच्या नियमांनुसार व्हिस्की धान्याचीच असावी लागते आणि ती किमान तीन वर्षे लाकडी पिंपात मुरावी लागते. म्हणजे स्वस्त व्हिस्की घेणारा ग्राहक पुष्कळदा चवीपेक्षा लेबलचे पैसे मोजत असतो. देशी मद्याचा संत्र्याचा किंवा मोसंबीचा वास नाकाला खुपतो खरा, पण सीलबंद देशी आणि हातभट्टी यांना एकाच तागडीत तोलणे सर्वथा चुकीचे आहे.

हातभट्टी गूळ आणि नवसागर वापरून गाळली जाते. तिच्या तीव्रतेचे कोणतेही मोजमाप नसते. सोलापूर जिल्ह्यात मुळेगाव तांडा या धंद्यासाठी ओळखला जाई. २०२१ मध्ये ग्रामीण पोलिसांनी तत्कालीन अधीक्षक तेजस्वी सातपुते यांच्या पुढाकाराने 'ऑपरेशन परिवर्तन' हाती घेतले आणि तेथील कुटुंबांना अन्य रोजगाराकडे वळवण्याचा प्रयत्न केला.

मात्र सामूहिक बळी जातात ते बहुतेकदा गुळाने नव्हे, तर वरून मिसळलेल्या मिथेनॉलने. गूळ आंबवताना मिथेनॉल नगण्य तयार होते; ते औद्योगिक वापरासाठीच्या साठ्यातून चोरून आणले जाते. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला शंभराहून अधिक माणसे अशाच दारूने दगावली. शरीरात मिथेनॉलचे फॉर्मिक आम्ल होते आणि ते डोळ्यांच्या नसेवर आघात करते. वास, चव किंवा काडी लावून ज्योतीचा रंग पाहण्याची गावठी परीक्षा यांपैकी कशावरही विसंबता येत नाही. लक्षणे बारा ते चोवीस तासांनीही उमटतात. धूसर दिसणे, उलट्या, पोटदुखी, धाप लागणे असे काही जाणवल्यास 'उतरली नाही' म्हणून झोपून न राहता तातडीने रुग्णालय गाठावे. वेळेत औषध व डायलिसिस मिळाल्यास जीव आणि दृष्टी वाचू शकते.

खर्चाचा आणखी एक हिशेब सहसा कोणी मांडत नाही. विदेशी मद्यात ४२.८ टक्के मद्यार्क असतो. १८० मिलिलिटरच्या बाटलीत तो सुमारे ६१ ग्रॅम भरतो. दहा ग्रॅमचे एक प्रमाण धरल्यास एका क्वार्टरमध्ये सहा प्रमाणे होतात. ती दोन-तीन बैठकांत विभागली तर खर्च आपोआप उतरतो. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केल्यानुसार मद्याचे पूर्णतः निर्धोक असे कोणतेच प्रमाण नाही.

जागेचाही भाव असतो. परमिट रूममध्ये नोव्हेंबर २०२३ पासून मद्यावर दहा टक्के मूल्यवर्धित कर लागू झाला. तो टाळण्यासाठी पुणे-सोलापूर महामार्गावरील एखाद्या विनापरवाना ढाब्यावर बाटली उघडणे मात्र महागात पडते. दारूबंदी कायद्याच्या कलम ६८ नुसार ढाबाचालकावर आणि कलम ८४ नुसार पिणाऱ्यावरही गुन्हा दाखल होतो. राज्यात देशी वा विदेशी मद्यासाठी वयाची २५ वर्षे पूर्ण असावी लागतात आणि पिण्याचा परवानाही लागतो. एक दिवसाचा परवाना देशीसाठी दोन, तर विदेशीसाठी पाच रुपयांत दुकानातच मिळतो.