दुकानदार म्हणतो 'मदरबोर्ड गेला'. दुरुस्ती करायची की नवा घ्यायचा?

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी माझ्या जुन्या विद्यार्थिनीचे अब्बा स्कूटरवर कॅबिनेट बांधून दारात उभे. मुलगी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला, प्रोजेक्ट जमा करायला पंधरा दिवस उरलेले, आणि कॉम्प्युटर बंद. दुकानदाराने सांगितलं होतं, "बोर्ड उडाला, नवा टाकावा लागेल, साडेपाच हजार." ते म्हणाले, "सर, तुम्ही सांगा, टाकू का?" त्यांच्या घरात साडेपाच हजार म्हणजे महिन्याचा किराणा.

मी काही इंजिनिअर नाही. शाळेची कॉम्प्युटर रूम बरीच वर्षं सांभाळली, आणि स्वतःच्या पैशाने चुका केल्या, एवढंच माझं शिक्षण.

'बोर्ड गेला' हे निदान दुकानात सगळ्यात लवकर होतं. दुकानदार खोटंच बोलतो असं मी म्हणत नाही. बोर्ड बदलला की त्याचं काम एका तासात संपतं, खरा बिघाड शोधायला अर्धा दिवस जातो. पण पैसे आपले जातात, म्हणून आधी तीन गोष्टी तपासून घ्यायच्या.

पहिली, रॅम. कॉम्प्युटर चालू होतो, पंखे फिरतात, पण स्क्रीन काळी, तर वायर काढून रॅमची पट्टी बाहेर घ्या, तिचे सोनेरी दात खोडरबराने हळूच पुसा, कण झटका आणि घट्ट बसवा. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघा. बोर्डला छोटा स्पीकर असेल तर रॅम पूर्ण काढून चालू करा. बीप वाजली तर समजा की बोर्डात अजून जीव आहे. दुसरी, सेल. प्रत्येक वेळी तारीख मागे जात असेल तर बोर्डवरचा गोल नाण्यासारखा सेल संपलाय, सीआर 2032, 3 वोल्टचा. घड्याळवाल्याकडेही मिळतो. तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा. तो मरायला टेकला की मशीन अशी वागते की चांगला मेकॅनिकही फसेल.

त्या कॅबिनेटचं बटण दाबलं की पंखा जरासा फिरून थांबायचा. मी माझ्या घरच्या मशीनचा एसएमपीएस काढून त्याला जोडला. चालू झाला. नवा एसएमपीएस हजाराच्या आत आला.

पण दरवेळी नशीब असं साथ देत नाही. बोर्ड खरंच खराब असेल तर काय बिघडलंय ते विचारा. फक्त नेटचा किंवा आवाजाचा पोर्ट मेला असेल तर बोर्डला हातच लावू नका, यूएसबीला लावायचं छोटं अडॅप्टर घ्या. कपॅसिटर फुगले असतील (डोकं सपाट असायला हवं, ते वर आलेलं दिसतं, कधी तपकिरी पाणीही सुटतं), तर ते बदलता येतात आणि काम स्वस्तात होतं. मात्र प्रोसेसरच्या शेजारी बोर्ड जळून काळा पडला असेल तर सोडून द्या. बोर्ड अनेक थरांचा असतो, आतले थर भाजले की वरून केलेली दुरुस्ती टिकत नाही. कोकणातल्या घरांत दमट खाऱ्या हवेने गंज चढतो, त्याचंही बरंचसं असंच.

माझा 2010 चा कॉम्प्युटर होता, जी-41 बोर्डचा. 2014 मध्ये दोन कपॅसिटर फुगले, ते बदलून तो तीन वर्षं चालला. मग 2017 मध्ये बोर्ड जळला आणि मी घोडचूक केली. तोच प्रोसेसर आणि तीच रॅम वाया जाऊ नये म्हणून त्याच जातीचा जुना बोर्ड विकत घेतला. पाच महिन्यांत तोही गेला, आणि दुकानदार ओळख दाखवेना.

म्हणून आता मी हिशोब वेगळा करतो. बोर्डची किंमत किती हे नंतर बघतो, त्या बोर्डवर बसलेला प्रोसेसर अजून किती वर्षं कामाचा आहे ते आधी. प्रत्येक बोर्डचं सॉकेट ठरावीक प्रोसेसरलाच चालतं. इंटेलचा दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचा आय-3 असेल तर त्याला लागणारे बोर्ड आज बाजारात एक तर वापरलेले किंवा बिननावाचे. शिवाय विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, आणि विंडोज 11 अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालतं. अशा जुन्या मशीनवर किरकोळ दुरुस्ती करा, पण नवा बोर्ड टाकू नका. ते पैसे बाजूला ठेवून दुसरी मशीन बघा. प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा पुढचा असेल तर मात्र चांगल्या कंपनीचा बोर्ड, पक्क्या बिलासह, जरूर टाका. त्याआधी जुन्या बोर्डचं बिल शोधा. बऱ्याच कंपन्या बोर्डवर तीन वर्षांची वॉरंटी देतात आणि आपण ती विसरून जातो.

लॅपटॉपची गोष्ट निराळी. त्यात प्रोसेसर बहुधा बोर्डलाच चिकटवलेला असतो, त्यामुळे बोर्ड बदलणं फार महाग पडतं. तिथे चिप-लेव्हल दुरुस्ती करणारा कारागीर शोधा. चार्जिंगचा भाग किंवा एखादा शॉर्ट झालेला छोटा पार्ट असेल तर तो व्यवस्थित बदलतो. पण "मोठी चिप गरम करून बसवतो" असं कोणी म्हणालं तर किती महिन्यांची गॅरंटी ते कागदावर लिहून मागा. गरम केलेली चिप थोडे दिवस चालते आणि पुन्हा रुसते.

एक तसल्ली ठेवा. डेस्कटॉपमध्ये फोटो, कागदपत्रं, प्रोजेक्ट हे सगळं हार्ड डिस्कमध्ये किंवा एसएसडीत असतं, बोर्डमध्ये नाही. दुकानात देण्याआधी ती काढून घरी ठेवली तरी चालतं. फक्त विंडोजमध्ये बिटलॉकर चालू असेल तर बोर्ड बदलल्यावर रिकव्हरी की मागितली जाते. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात बघून आधीच वहीत उतरवून घ्या.

त्या मुलीचा प्रोजेक्ट वेळेत जमा झाला. पण एसएमपीएस का गेला हा प्रश्न मला सतावत होता, म्हणून तिच्या अब्बांना इलेक्ट्रिशियन बोलवायला सांगितलं. त्याने कॉम्प्युटरच्या सॉकेटमध्ये फेज आणि अर्थिंगला बल्ब जोडून पाहिला, तो पेटलाच नाही. घराला अर्थिंगच नव्हतं. आता ते काम चालू आहे.