एक राज्य, दोन टोप्या : मुंबई आणि महाराष्ट्र

रत्नागिरीचा चाकरमानी पिढ्यान्‌पिढ्या पोटासाठी मुंबईला गेला. पण रत्नागिरीच्या क्रिकेटपटूची अधिकृत वाट मात्र पुण्याला जाते. रणजी करंडक स्पर्धेत महाराष्ट्र राज्याचे मुंबई, महाराष्ट्र व विदर्भ असे तीन संघ खेळतात. त्यांपैकी रत्नागिरी जिल्हा पुण्याच्या महाराष्ट्र क्रिकेट संघटनेच्या कक्षेत येतो. राजापूरला १९५६ साली जन्मलेले दिलीप वेंगसरकर ११६ कसोटी खेळले, पण त्यांचा रणजी संघ होता मुंबई. कारण त्यांचे क्रिकेट घडले ते मुंबईच्या मैदानांवर.

ही विभागणी राज्यापेक्षा जुनी आहे. रणजी स्पर्धा १९३४-३५ मध्ये सुरू झाली, तर महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी अस्तित्वात आले. राज्याच्या सीमा बदलल्या, तरी क्रिकेटचा नकाशा तसाच राहिला. प्रा. दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० व १९४०-४१ असे सलग दोन वेळा विजेतेपद मिळविले. त्यानंतर करंडक पुन्हा हाती आला नाही. मुंबईने मात्र १९५८-५९ पासून सलग १५ वर्षे तो राखला आणि २०२३-२४ मध्ये ४२ वे विजेतेपद पटकावले. साहजिकच गुणी खेळाडूंचा ओघ बराच काळ मुंबईकडे होता.

दोन्ही संघांकडून खेळलेल्यांत पहिले मोठे नाव दत्तू फडकर यांचे. कोल्हापूरचे हे अष्टपैलू खेळाडू प्रथम महाराष्ट्राकडून खेळले, मग मुंबईकडे गेले. १९४८-४९ च्या उपान्त्य सामन्यात पुण्यात हेच दोन संघ समोरासमोर आले. फडकरांनी आपल्या जुन्या संघाविरुद्ध १३१ व १६० धावा काढल्या. मुंबईच्या ६५१ आणि ८ बाद ७१४ धावांना महाराष्ट्राने ४०७ व ६०४ धावांनी उत्तर दिले. सामना मुंबईने ३५४ धावांनी जिंकला. त्यातील एकूण २३७६ धावा हा प्रथम श्रेणी क्रिकेटमधील विश्वविक्रम ठरला.

लेगस्पिनर सदू शिंदे यांनीही आधी महाराष्ट्र व नंतर मुंबईचे प्रतिनिधित्व केले. १९५१ मध्ये दिल्लीच्या कसोटीत त्यांनी इंग्लंडचे सहा गडी ९१ धावांत बाद केले होते. सोलापूरला जन्मलेला सलील अंकोला महाराष्ट्राकडून पदार्पणातच हॅट्ट्रिक घेऊन पुढे आला. १९८९ मध्ये कराचीला सचिन तेंडुलकरबरोबरच त्याने आपली एकमेव कसोटी खेळली व त्यानंतर मुंबई गाठली.

उलट दिशेचा प्रवास तुलनेने विरळ. अभिजित काळेने मुंबईकडून सुरुवात केली व तो पुढे महाराष्ट्राचा फलंदाज झाला. ताजे उदाहरण पृथ्वी शॉचे. २०१७ मध्ये मुंबईकडून रणजी पदार्पणातच शतक झळकाविणारा हा सलामीवीर २०२५ मध्ये ना हरकत प्रमाणपत्र घेऊन महाराष्ट्राकडे आला. सरावाच्या लढतीत त्याने मुंबईविरुद्धच १८१ धावा फटकावल्या. नव्या संघाकडून रणजीतील पहिल्याच डावात तो शून्यावर बाद झाला, पण चंडीगडविरुद्ध त्याने २२२ धावा केल्या.

असे संघांतर स्वेच्छेने होत असले, तरी मूळ संघटनेच्या ना हरकत प्रमाणपत्राशिवाय ते होत नाही. खेळाडूच्या दृष्टीने प्रश्न साधा असतो : अकरा जणांत जागा कुठे मिळेल? मुंबईत स्पर्धा अधिक तीव्र. महाराष्ट्रात जिल्हे अनेक, म्हणून दूरच्या मुलाला निवड समितीच्या नजरेत येणेच कठीण.

रत्नागिरी जेट्स या संघाने २०२३ व २०२४ मध्ये महाराष्ट्र प्रीमियर लीग जिंकली, तेव्हा जिल्ह्याचे नाव राज्यभर गेले. संघ अर्थातच जिल्ह्याबाहेरच्या खेळाडूंनीही भरलेला होता. तरीही रत्नागिरीच्या मुलाला त्यातून एक गोष्ट कळली : क्रिकेटसाठी मुंबईची गाडी पकडणे हा एकच मार्ग उरलेला नाही.