अधिवेशनाला जाताना हातात काय असावे?

रोटरी किंवा लायन्ससारख्या सेवासंस्थेच्या आंतरराष्ट्रीय अधिवेशनाला जळगाव-धुळ्यातून कोणी निघाले की पहिला प्रश्न खर्चाचा येतो. विमानभाडे, नोंदणी शुल्क, व्हिसा, हॉटेल हे सगळे धरले तर माणशी खर्च लाखाच्या पुढे जातो. तेवढ्या पैशांत इथे मोतीबिंदूच्या कितीतरी शस्त्रक्रिया होतील, मग सेवा करायला परदेशी कशाला जायचे? प्रश्न रास्त आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तरीही खानदेशातल्या क्लबांनी या अधिवेशनांना माणसे पाठवावीत आणि त्यांत पहिल्यांदा जाणारे असावेत, असे माझे मत आहे. अट एकच. जाणाऱ्याच्या हातात आपल्या भागातल्या एका कामाचा पुरता अभ्यास असला पाहिजे. तो नसेल तर वरचा आक्षेप शंभर टक्के खरा ठरतो, आणि मग त्या दौऱ्याला सहल म्हणावे.

अधिवेशने म्हणजे नुसती भाषणे आणि मिरवणे, असा समज आहे. इतिहास मात्र वेगळे सांगतो. १९१७ मध्ये अटलांटाच्या रोटरी अधिवेशनात तेव्हाचे अध्यक्ष आर्च क्लम्फ यांनी जगाच्या भल्यासाठी कायमचा निधी उभारावा, अशी सूचना मांडली. त्यानंतर आलेली पहिली देणगी होती साडेसव्वीस डॉलरची. आजची रोटरी फाउंडेशन त्यातूनच वाढली. १९२५ मध्ये अमेरिकेतल्या सीडर पॉइंटला लायन्सच्या अधिवेशनात हेलन केलर बोलल्या आणि अंधांसाठी काम करण्याचे आवाहन त्यांनी केले. लायन्सच्या नावाशी आज गावोगावी नेत्रशिबिर जोडले गेले आहे, त्याचे मूळ त्या भाषणात आहे. पोलिओसाठी रोटरीने १२ कोटी डॉलर जमवायचे ठरवले होते; १९८८ च्या फिलाडेल्फिया अधिवेशनापर्यंत ते उद्दिष्ट केव्हाच मागे पडले होते. भारतातला पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्याला सापडला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. सरकारी यंत्रणा, आशाताई आणि अंगणवाडी सेविका यांच्याशिवाय हे झाले नसते. पण दूर कुठेतरी झालेल्या सभेतल्या निश्चयाचा वाटाही त्यात आहेच.

खानदेशाला तर अधिवेशनाची ताकद कोणी सांगायला नको. डिसेंबर १९३६ मध्ये यावल तालुक्यातल्या फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिलेच. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू होते, नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या साध्या गावठी साहित्यातून अधिवेशननगर सजवले, आणि शेतकऱ्यांच्या प्रश्नांवरचा कार्यक्रम तिथे मंजूर झाला. धनाजी नाना चौधरी आणि त्यांच्या कार्यकर्त्यांनी ते तडीस नेले. देशभरची माणसे मुद्दाम एका खेड्यात आणली गेली, कारण त्यांनी खेडे डोळ्यांनी पाहावे अशी इच्छा होती. आज दिशा उलटी आहे. खेड्याची गोष्ट घेऊन आपल्याला बाहेर जायचे आहे.

बाहेर का जायचे, याचे उत्तर रोटरीच्या नियमांतच आहे. फाउंडेशनच्या ‘ग्लोबल ग्रँट’साठी प्रकल्पाचे अंदाजपत्रक किमान ३०,००० डॉलरचे, म्हणजे पंचवीस लाख रुपयांच्या पुढचे असावे लागते. जिथे काम होणार तिथला क्लब आणि दुसऱ्या देशातला क्लब असे दोघे मिळून अर्ज करतात, आणि त्यांच्या वाट्यात फाउंडेशन भर घालते. डायलिसिसची यंत्रे असोत, रक्तपेढीची उपकरणे असोत किंवा सातपुड्याच्या पाड्यांवर सिकलसेलच्या तपासणीची सोय असो, तालुक्याच्या क्लबला एवढी रक्कम एकट्याने उभी करणे जड जाते. परदेशी जोडीदार नसेल तर अर्ज पुढे सरकतच नाही. एकाच्या विमानभाड्यात एक शिबिर होते हे खरे; पण त्याच प्रवासात जोडीदार मिळाला तर पंचवीस लाखांचे काम उभे राहू शकते. हिशेब मांडायचा तर दोन्ही बाजू मांडाव्यात.

हा जोडीदार मुख्य सभागृहात सापडत नाही. तिथे हजारो माणसे, झेंड्यांचा सोहळा आणि मोठ्या पाहुण्यांची भाषणे असतात. नवखा माणूस भारावून जातो आणि त्याचे निम्मे दिवस तिथेच संपतात. खरे काम ‘हाऊस ऑफ फ्रेंडशिप’ नावाच्या प्रदर्शन दालनात चालते. पाणी, रक्तदान, शिक्षण, आरोग्य अशा विषयांचे गट तिथे स्टॉल मांडून बसलेले असतात. दहा मिनिटे बोलायला मिळतात, आणि त्यात समोरचा नेमके विचारतो: गावे किती, लोकसंख्या किती? यंत्र बिघडले तर दुरुस्ती कोण करणार? तीन वर्षांनी वीजबिल आणि तंत्रज्ञाचा पगार कुठून येणार? गावकऱ्यांनी हे मागितले आहे, की तुम्हीच ठरवले? शेवटचा प्रश्न सगळ्यांत अवघड. ग्लोबल ग्रँटसाठी गरजांची पाहणी आधी करावी लागते, म्हणजे साक्री किंवा रावेर तालुक्यात घरोघर विचारपूस करावी लागते, ग्रामसभेत बसावे लागते, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या नोंदी पाहाव्या लागतात. एका पानावर हे उतरवलेला माणूस दालनात लगेच ओळखू येतो. नुसत्या पताका आणि व्हिजिटिंग कार्डांची देवाणघेवाण करणाऱ्याला घरी आल्यावर ती कार्डे कोणाची, हेही आठवत नाही.

आणि आपण फक्त मागायला जातो, असे कोणी समजू नये. शिरपूरला भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी नाले रुंद-खोल करून साखळी बंधाऱ्यांचा जो प्रयोग केला, तो ‘शिरपूर पॅटर्न’ म्हणून राज्यभर गाजला. सरसकट वापराबद्दल भूजलतज्ज्ञांनी घेतलेल्या आक्षेपांसह तो मांडला तर जाणकार अधिकच कान देतील. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने जंगल राखले, वाढवले. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. दुसरीकडे रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात भूजल खोल खोल जात आहे. यश आणि संकट दोन्ही एकाच टापूत असलेली माणसे पाण्याबद्दल जगाला पुष्कळ सांगू शकतात. पर्यावरण हा विषय २०२१ पासून रोटरीच्या कामाच्या क्षेत्रांत आला आहे, त्यामुळे ऐकणारेही आहेत.

हे सगळे घरबसल्या ऑनलाइन होणार नाही का, असे तरुण सदस्य विचारतात. करोनामुळे २०२० चे होनोलुलूचे आणि २०२१ चे तैपेईचे अधिवेशन ऑनलाइनच झाले. भाषणे पोहोचली, खर्च वाचला. पण २०२२ मध्ये ह्यूस्टनला माणसे पुन्हा जमली आणि तैपेईला २०२६ चे यजमानपद देण्यात आले. अर्ज, पत्रव्यवहार, पाठपुरावा इंटरनेटवर उत्तम होतो. अनोळखी क्लबवर आपल्या निधीचा आणि नावाचा भरवसा टाकणे वेगळे. सोयरीक फोटो आणि पत्रिकेवर ठरत नाही, माणसे पाहावी लागतात. इंग्रजीची धास्ती मला त्या मानाने लहान वाटते. खानदेशातला व्यापारी गुजराती, हिंदी, अहिराणी एका दमात बोलून सौदा करतो. कागदावरचे आकडे पक्के असतील तर मोडक्या इंग्रजीतही काम भागते.

उरतो तो सगळ्यांत टोचणारा आक्षेप: हे क्लब डॉक्टर, व्यापारी, बांधकाम व्यावसायिकांचे, गरिबाच्या नावाने श्रीमंतांची ओळखपाळख वाढते. यात तथ्य आहे आणि ते नाकारून क्लबांची पत वाढणार नाही. म्हणून प्रवासखर्च सदस्याने स्वतःच्या खिशातून करावा, प्रकल्पाच्या निधीला हात लावू नये. परतल्यावर क्लबच्या जेवणात फोटो दाखवून थांबू नये. ज्या गावात पाहणी केली तिथल्या ग्रामसभेत जाऊन कोणत्या क्लबशी बोलणे झाले, त्यांनी काय कबूल केले, कोणी नकार दिला, हे मराठीत किंवा अहिराणीत सांगावे. वर्षभराने पुन्हा जाऊन आलेल्या पैशांचा आणि न आलेल्या पैशांचाही हिशेब त्याच लोकांपुढे ठेवावा.