नीरीचे न्यायालयीन दशक

नागपुरात 1958 मध्ये केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था सुरू झाली. पिण्याचे पाणी आणि सांडपाणी हे तिचे मुख्य विषय. सीएसआयआरची, म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेची, प्रयोगशाळा असल्याने ती सरकारी पैशावर उभी राहिली. 1972च्या स्टॉकहोम परिषदेनंतर पर्यावरणाला सरकारदरबारी जागा मिळाली आणि 1974 मध्ये संस्थेचे नाव राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे नीरी, झाले. मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई आणि हैदराबादला तिच्या विभागीय प्रयोगशाळा आहेत.

तिचे खरे मोठेपण दिसले 1990च्या दशकात. कारखानदारांच्या शपथपत्रांवर विसंबून न राहता सर्वोच्च न्यायालय नीरीची पथके जागेवर पाठवू लागले. उदयपूरजवळच्या बिछडीत एच-ॲसिड या रसायनाच्या उत्पादनातून सुमारे 2,440 टन गाळ निघाला होता. विहिरींचे पाणी काळपट झाले. ते माणसांना, गुरांना, पिकांना, कशालाच चालेना. पाणी आणि माती किती नासली हे नीरीने तपासले. 1996च्या निकालाने दुरुस्तीची जबाबदारी कारखानदारांवर टाकली आणि नीरीच्या अभ्यासाच्या आधारे हा खर्च 37.385 कोटी रुपये ठरला. त्याच वर्षी तमिळनाडूतील चर्मोद्योग, किनाऱ्यावरची कोळंबीशेती आणि ताजमहालाभोवतीचे 292 कारखाने या खटल्यांतही न्यायालयाने नीरीच्या अहवालांचा आधार घेतला. गावकऱ्यांच्या तक्रारीला प्रयोगशाळेचे आकडे मिळाले, ही त्या दशकाची मोठी कमाई होती. बिछडीचा पैसा मात्र कंपन्यांनी थकवला; 2011 मध्येही न्यायालयाला चक्रवाढ व्याजासह वसुलीचा आदेश द्यावा लागला.

दरम्यान सीएसआयआरच्या प्रयोगशाळांनी बाहेरून उत्पन्न मिळवावे, हा आग्रह वाढत गेला होता. प्रकल्प उभारणाऱ्यांकडून शुल्क घेऊन पर्यावरणीय परिणामांचे अहवाल करणे हे नीरीचेही नित्याचे काम झाले. एका दाराने न्यायालयाची तपासनीस आणि दुसऱ्या दाराने उद्योगांची सल्लागार, ही रचनाच चुकीची होती. तपासणी करणाऱ्यांचा खर्च पूर्णपणे सरकारी तिजोरीतून व्हायला हवा होता.

पुढे नीरीचे कमी प्रदूषण करणारे हरित फटाके आले, करोनाकाळात मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांवरून आरटी-पीसीआर चाचणीची सोपी पद्धत निघाली; दोन्ही कामे उपयोगी होती. पण बिछडीसारख्या कामाने मिळवलेला दरारा त्यांत नव्हता. त्यातच जुलै 2024 मध्ये सीबीआयने नीरीतील निविदा आणि खरेदीच्या व्यवहारांवरून गुन्हे नोंदवून चार राज्यांत झडत्या घेतल्या. आरोप संगनमताचे आणि लाचखोरीचे होते.